लगाम स्वस्त, पण कोणाला?

मी बोलतोय एकलहऱ्यातून, नाशिकच्या औष्णिक वीज केंद्राच्या गावातून. आमच्या काकांची घोडी वरातीला जाते. मागच्या महिन्यात तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं. कारण? स्वस्तातला काटेरी लगाम. जखम भरेपर्यंत दोन सुपाऱ्या सोडाव्या लागल्या.

आता इतिहास बघा. मराठा घोडदळात बारगिराला घोडा आणि सामान सरकारातून मिळायचं. शिलेदार मात्र दोन्ही स्वतःचं आणायचा. म्हणजे लगामाचा खर्च त्याचा, आणि घोडा जायबंदी झाला तर नुकसानही त्याचंच. आमचे काका आजचे शिलेदारच की!

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाची कडी तिथे, नाजूक हिरडीवर बसते. म्हणून ती गुळगुळीतच हवी. काटेरी कडीवर तर केंद्राच्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे. पट्टे साधे चालतील, फक्त नाकपट्टीखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. काका तिथे निघालेत. मी एवढंच म्हटलं, "काका, पैसे गोंड्यांत वाचवा, कडीत नको."