सेन्सर नदीवर, मॉडेम घरात: वायरलेस सेन्सर मोबाइल नेटवर्कला जोडताना

कणकवली स्टेशनवर पाऊस आपोआप मोजणारं यंत्र आहे, हे आमच्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कोकण रेल्वेने माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ आणि उडुपी अशा 9 स्टेशनांवर ही पर्जन्यमापकं बसवली आहेत. शिवाय काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाणी वाढल्याचा इशारा देणारी यंत्रणा आहे.

माझी गरज यापेक्षा फारच लहान होती. दसऱ्यानंतर काका सुपारीच्या बागेसाठी गड नदीकाठी पंप उतरवतात आणि परतीचा पाऊस एका रात्रीत नदी फुगवतो. पंप वर ओढायला दोन माणसं आणि तासभर वेळ लागतो. तेवढा तास आधी कळावं, एवढंच.

मॉडेम नदीवर का नको?

पहिला विचार सगळ्यांचा हाच असतो: सेन्सरलाच सिम लावू. पण नदी खोलगट भागात, तिथे रेंजची एखादी कांडी दिसली तर नशीब. आणि मॉडेम बॅटरी खातो. म्हणून दोन भाग केले. साकवाच्या कठड्याखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि लोरा रेडिओ. वर घरात गेटवे, म्हणजे दुसरा लोरा रेडिओ, एक ईएसपी32 आणि 4जी मॉडेम. उद्या विहिरीवर किंवा टाकीवर आणखी सेन्सर लावले तरी मॉडेम आणि रिचार्ज एकच.

लोराचं मॉड्यूल घेताना फ्रिक्वेन्सी बघा. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा यासाठी परवान्याशिवाय वापरता येतो. मी 868 लिहिलेलं मॉड्यूल घेतलं आणि कोडमध्ये 866 ठेवलं. 915 वालं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. सेन्सरही पाण्यापासून पुरेसा उंच लावा; हे स्वस्त जलरोधक सेन्सर साधारण 20-25 सेंटिमीटरच्या आतलं अंतर नीट मोजू शकत नाहीत. म्हणजे नेमकं पाणी अगदी जवळ आलं की आंधळे होतात.

मॉडेमचे नखरे

यूट्यूबवर बघून सिम800एल घेणारे खूप आहेत. ते फक्त 2जी आहे, आणि जिओचं नेटवर्क पहिल्यापासून 4जी, त्यामुळे जिओचं सिम त्यात कधीच चालणार नाही. आज घ्यायचं तर 4जी मॉड्यूलच घ्या.

मॉडेम सारखा रीस्टार्ट होतोय? दहातल्या आठ वेळा कोड बरोबर असतो, वीज कमी पडते. नेटवर्क शोधताना मॉडेम क्षणभर 2 अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतो. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टला ते झेपत नाही. वेगळा पॉवर सप्लाय द्या आणि मॉडेमच्या पिनांना चिकटून 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. (मी याच्यावर दोन रविवार घालवले आणि दोष कोडला दिला.)

मॉडेमशी बोलायची भाषा म्हणजे एटी कमांड, 1981 च्या हेज मॉडेमपासून चालत आलेली. एटी+सीपिन? विचारून सिम तयार आहे का बघा. सिमला पिन लॉक असेल तर तो आधी फोनमध्ये काढा. एटी+सीएसक्यू रेंज सांगते, 0 ते 31 मध्ये. 99 आलं तर खूश होऊ नका, त्याचा अर्थ ‘मोजता येत नाही’. माझ्या घरात ओट्याजवळ 7 आणि माळ्यावर 17 आलं, म्हणून गेटवे माळ्यावर. मग एपीएन भरा. बीएसएनएलसाठी तो बीएसएनएलनेट.

एक गोष्ट नवख्यांना अडवते. साध्या सिमला बाहेरून गाठता येत नाही, कारण कंपनी सहसा खाजगी आयपी देते. तेव्हा संपर्क गेटवेनेच सुरू करायचा. यासाठी एमक्यूटीटी उत्तम: 1999 मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्गे नजर ठेवायला बनलेला प्रोटोकॉल, म्हणून डेटा कमी खातो. दर 10 मिनिटांनी 100 बाइट म्हणजे दिवसाला जेमतेम 14 केबी मजकूर. वरचं ओझं धरूनही एखाद्या व्हॉट्सॲप व्हिडिओपुढे काहीच नाही.

गप्प डबा

हे सगळं जमलं आणि तरीही पहिल्याच वर्षी पंप बुडाला.

ऑक्टोबरची रात्र, मी पुण्यात. फोनवर हिरव्या अक्षरांत ‘पाणी 1.8 मीटर खाली’. झोपलो. सकाळी काकांचा फोन: “तुझो डबो गप कित्याक रे?” संध्याकाळी वीज गेली होती, बॅटरी उतरली होती, मॉडेम बंद. मी बघितलेला आकडा संध्याकाळी पावणेसातचा होता. माझ्या ॲपने तो शेवटचा म्हणून रात्रभर तसाच दाखवला. मोटर भरून घ्यायला लागली, आणि बाग दोन आठवडे पाण्याविना.

चूक माझी होती: मी पाणी वाढल्याचा इशारा लिहिला, निरोप थांबल्याचा नाही. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की कोकण रेल्वेचे लोको पायलट वेग ताशी 40 किलोमीटरवर आणतात. माझ्या ॲपने नेमकं उलट केलं होतं.

आता प्रत्येक आकड्याशेजारी वेळ दिसते आणि 25 मिनिटांहून जुना आकडा पडद्यावरून जातो. एमक्यूटीटीत ‘लास्ट विल’ नावाची सोय आहे, अक्षरशः मृत्युपत्र: गेटवे अचानक तुटला की त्याने आधीच लिहून ठेवलेला निरोप ब्रोकर पाठवतो. पण नदीवरचा सेन्सर मेला आणि गेटवे जिवंत असेल तर हे मृत्युपत्र उघडतच नाही. म्हणून प्रत्येक सेन्सर शेवटचा कधी बोलला, हे सर्व्हर वेगळं तपासतो आणि मला फोन करतो. गावातला टॉवरच बंद पडला तर काकांचा फोन वाजणार नाही, तेव्हा पाणी वाढल्यावर गेटवे स्वतःच घरात भोंगा वाजवतो. त्याला नेटवर्क लागत नाही.

तुम्ही बसवलात तर पावसाची वाट बघू नका. मी सेन्सरची बॅटरी मुद्दाम काढून काकांसोबत ओसरीवर बसलो. चहा संपला, पानही झालं, आणि 27 व्या मिनिटाला माझा फोन वाजला.