गर्दी शुल्क : सवलत कोणाला असावी?

शहरात येणाऱ्या वाहनांवर शुल्क बसविण्याचा विचार निघाला, की दरापेक्षा सवलतीचीच चर्चा अधिक होते. प्रत्येक वर्गाला आपली गरज विशेष वाटते. जळगाव जिल्ह्यातील सावदा (ता. रावेर) येथून केळी घेऊन उत्तरेकडे निघणाऱ्या मालमोटारींनाही हा प्रश्न लागू आहे, कारण दिल्लीच्या प्रवेशनाक्यांवर भाज्या व फळांच्या वाहनांना मिळणारी सूट २०२५ मध्ये रद्द झाली.

टोल आणि गर्दी शुल्क

ही दोन्ही शुल्के रस्त्यावरच द्यावी लागत असली, तरी त्यांचे हेतू भिन्न आहेत. टोल हा रस्ता बांधण्याचा व राखण्याचा खर्च भरून काढण्यासाठी असतो. गर्दी शुल्क हे अपुऱ्या जागेत येणारी वाहने कमी व्हावीत म्हणून आकारले जाते. सिंगापूरने १९७५ मध्ये, लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी आणि न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये ते सुरू केले. भारतात खासगी मोटारींवर असे शुल्क कोणत्याही शहराने लावलेले नाही. त्याला जवळचे उदाहरण दिल्लीतील पर्यावरण भरपाई शुल्काचे होय.

दिल्लीचा अनुभव

दिल्लीत ज्यांना थांबायचेच नाही, अशा मालमोटारीही बाहेरच्या रस्त्यांवरील टोल वाचविण्यासाठी शहरातून जात असत. ते रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१५ मधील आदेशाने हे शुल्क सुरू झाले. हलक्या मालवाहनांना व दोन आसांच्या मालमोटारींना ७०० रुपये, तर तीन वा अधिक आसांच्या मालमोटारींना १३०० रुपये असा प्रारंभीचा दर होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो दुप्पट करण्यात आला. प्रवासी वाहने, रुग्णवाहिका आणि भाजीपाला, फळे, दूध, धान्य यांसारख्या जीवनावश्यक वस्तूंची वाहने यांना मात्र वगळण्यात आले होते.

जीवनावश्यक मालाची ही सवलत दहा वर्षे टिकली. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली महापालिकेच्या अर्जावरून न्यायालयाने ती मागे घेतली. वाहनात कोणता माल आहे हे तपासण्यासाठी ते थांबवावे लागते, रांगा लागतात आणि उभ्या वाहनांच्या धुराने प्रदूषण वाढते, हे त्यामागील कारण होते. सवलतीमागील गरज खोटी नव्हती. ती ओळखण्याची पद्धत सदोष होती.

केळी हा नाशवंत माल आहे. भाव पडला म्हणून घड झाडावर फार काळ ठेवता येत नाहीत आणि तोडलेला माल थांबत नाही. त्यामुळे वाढलेले वाहतूक खर्च ग्राहकावर टाकता आले नाहीत, तर ते खरेदीच्या भावातून कापले जाण्याचा धोका उत्पादकाला असतो. म्हणून ही सवलत किरकोळ मानता येत नाही.

महाराष्ट्रातील सवलती

महाराष्ट्रात अशा सवलती टोलच्या बाबतीत दिल्या गेल्या आहेत. राज्य शासनाने १ जून २०१५ पासून १२ टोलनाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारी, जीप व एसटी बसना सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या दहिसर, मुलुंड, आनंदनगर, ऐरोली व वाशी या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मालमोटारींचा कायम राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेवरील मोटारी व बसना सूट मिळाली. आषाढी वारीसाठी जाणाऱ्या वाहनांनाही अलीकडच्या वर्षांत टोलमाफी दिली गेली आहे.

टोलच्या बाबतीत हे निर्णय जनहिताचे म्हणता येतील. गर्दी शुल्काला मात्र हाच साचा लावला, तर मूळ हेतू उलटा होईल. एकट्या माणसाची मोटार जेवढी जागा व्यापते, तेवढ्या जागेत बस कितीतरी अधिक प्रवासी नेते. म्हणून मोटारींना माफी आणि मालमोटारींना आकारणी या पद्धतीने कोंडी सुटणार नाही.

राष्ट्रीय महामार्गांवरील २००८ च्या शुल्क नियमांत आणखी एक प्रकार दिसतो. रुग्णवाहिका, शववाहिका, अग्निशमन दल व अपंगांसाठी खास बनविलेली वाहने यांच्याबरोबर मंत्री, खासदार व न्यायमूर्ती यांनाही सूट आहे. पहिल्या गटाची सूट गरजेवर, तर दुसऱ्याची पदावर आधारलेली आहे.

कसोटी कोणती?

परदेशांतही सवलती कालांतराने आवळाव्या लागल्या. सिंगापूरमध्ये चार जण बसलेल्या मोटारीला असलेली माफी १९८९ मध्ये गेली. लंडनमध्ये खासगी भाड्याच्या मोटारींची सूट २०१९ मध्ये आणि विजेवरील मोटारींची पूर्ण सूट डिसेंबर २०२५ मध्ये संपली. सूट मिळणारी वाहने वाढली, की गर्दी पुन्हा जमते.

यावरून सवलतीसाठी तीन प्रश्न विचारता येतात. या प्रवासाला दुसरा पर्याय आहे काय? या वाहनाने गर्दी वाढते, की कमी होते? आणि ते न थांबवता ओळखता येते काय? रुग्णवाहिका, अग्निशमन वाहने, सार्वजनिक बस आणि अपंगांची नोंदणीकृत वाहने तिन्ही कसोट्यांना उतरतात. पदाधिकाऱ्यांची वाहने पहिल्या दोन्हींवर अडतात.

नाशवंत माल पहिल्या कसोटीला उतरतो, पण तिसऱ्या कसोटीवर अडतो. ताज्या फळांना ई-वे बिल लागत नसल्याने मालाची ती नोंदही नाक्यावर उपलब्ध नसते. यावर उपाय आहे. नाक्यावर सर्वांकडून शुल्क घ्यावे आणि बाजार समितीच्या आवक नोंदीवरून शेतमालाच्या वाहनाला ते परत करावे. दिल्लीच्या आझादपूर बाजारात माल उतरला, की तपासणी तेथेच होते. नाक्यावर रांग लागत नाही. उद्या मुंबई वा पुण्यात गर्दी शुल्क आलेच, तर ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी. अन्यथा शहराच्या कोंडीची किंमत सावद्याच्या शेतकऱ्याला मोजावी लागेल.