वृद्धांची वेदना आणि विज्ञान : संशोधनप्रवाहांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

'आता वय झाले, दुखायचेच' हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येते. ते उच्चारणारी व्यक्ती बहुधा स्वतःच वृद्ध असते. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय तेथेच संपतो. वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ याहून फारसे वेगळे केले नाही. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे 10 कोटी 40 लाख होती. मानवी समाजातील या वाढत्या समूहाच्या दुखण्याविषयी विज्ञानाने कोणते प्रश्न केव्हा विचारले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हा मागोवा घेताना एक सूत्र वारंवार हाती लागते. वेदनेची मोजणी ही वेदना सांगू शकणाऱ्या माणसावर विसंबून राहिली. जो सांगू शकत नाही किंवा सांगत नाही, त्याची वेदना नोंदवहीबाहेर राहिली.

उंबरठ्याचा शोध

रेने देकार्त याच्या मृत्यूनंतर 1664 मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेदनेचे वर्णन दोरी ओढताच वाजणाऱ्या घंटेच्या उपमेने केलेले आहे. इजा झाली की संदेश मेंदूपर्यंत जातो, जेवढी इजा तेवढी वेदना, अशी ही मांडणी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रयोगशाळा याच कल्पनेवर उभ्या होत्या. 1940 मध्ये न्यूयॉर्क येथे हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी काळी शाई लावलेल्या कपाळावर दिव्याची उष्णता एकवटून, वेदना नेमकी कोणत्या क्षणी सुरू होते हे मोजणारे उपकरण वापरले. या क्षणाला वेदनेचा 'उंबरठा' म्हटले गेले. या प्रयोगांत संशोधकांनी स्वतःचीच कपाळे मोठ्या प्रमाणावर वापरली होती, हे येथे नमूद करावेसे वाटते.

याच तंत्राने 1944 मध्ये चॅपमन आणि जोन्स यांनी विविध वयांच्या व्यक्तींची तपासणी केली व वृद्धांमध्ये हा उंबरठा उंचावलेला असतो, असे निरीक्षण नोंदविले. चिकित्सकांच्या अनुभवाशी ते जुळणारेही होते. वृद्ध रुग्णास हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत फारसे दुखत नाही, किंवा पोटातील गंभीर विकारातही तक्रार सौम्य असते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. या दोहोंतून 'म्हाताऱ्या माणसास दुखणे कमी जाणवते' असा समज पक्का होत गेला. उंबरठा आणि दुःख या दोन भिन्न गोष्टी आहेत, याकडे मात्र दुर्लक्ष झाले.

हा भेद ठळकपणे पुढे आणण्याचे श्रेय बरेचसे हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांपैकी अनेकजण वेदनाशामक मागत नाहीत, हे त्याने पाहिले व 1946 मध्ये प्रसिद्ध केले. जखमेचा आकार वेदनेचे मान ठरवीत नाही, तिचा अर्थही मोजावा लागतो, हा त्याचा मुद्दा होता. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या 'द्वार-नियंत्रण' सिद्धान्ताने या विचारास शरीरशास्त्रीय चौकट दिली. मज्जारज्जूत संदेशाचे नियमन होते आणि त्यावर मेंदूचाही प्रभाव असतो, असे या सिद्धान्ताने सांगितले.

वार्धक्याच्या संदर्भात निर्णायक वळण 1976 मध्ये आले. हार्किन्स आणि चॅपमन यांनी तरुण व वृद्ध पुरुषांच्या दातांस सौम्य विद्युत्-धक्के देऊन केलेल्या अभ्यासात दोन्ही गटांचा उंबरठा भिन्न आढळला नाही. फरक होता तो जवळजवळच्या तीव्रतांमध्ये भेद करण्याच्या क्षमतेत आणि 'यास वेदना म्हणावे की नाही' या निर्णयात. म्हणजे आधीच्या प्रयोगांत जे संवेदनेचे मोजमाप मानले गेले, त्यात उत्तर देण्याची वृत्तीही मिसळलेली असू शकते. हा वाद पुढे चार दशके चालला. 2017 मध्ये लाउटेनबाखर व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून दाखविले की वयाबरोबर उंबरठा काहीसा वाढतो, परंतु वेदना सहन करण्याच्या मर्यादेत लक्षणीय बदल होत नाही. वृद्धाला वेदनेची चाहूल उशिरा लागते. ती सोसण्याचे त्याचे बळ मात्र त्यामुळे वाढलेले नसते.

शब्दांची प्रश्नावली

1975 मध्ये मेलझॅकने मॅगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेची 78 विशेषणे 20 गटांत मांडलेली आहेत. तिच्या जन्मकथेत एक वृद्ध स्त्री आहे. मधुमेहामुळे पाय गमावलेली, सत्तरी ओलांडलेली ही रुग्ण नसलेल्या पायातील वेदनेचे इतके नेमके वर्णन करीत असे, की मेलझॅकने तिचे शब्द टिपून ठेवण्यास सुरुवात केली आणि पुढे त्यात इतर रुग्णांच्या शब्दांची भर पडली. वेदना मोजण्याचे जगभर वापरले गेलेले एक साधन अशा प्रकारे एका बोलक्या वृद्धेच्या शब्दसंपत्तीतून उगवले.

मराठी वाचकास यातील अडचण लगेच उमगेल. गळवाचा ठणका, पोटातील कळ, पाठीतील चमक, तळपायाची आग, पोटरीत आलेला गोळा, भरून आलेले पाय, धरलेली कंबर या सर्वांना इंग्रजी विशेषणांच्या यादीत जागा शोधणे सोपे नाही. उलट, एवढे शब्द असूनही खेड्यातील आजी दवाखान्यात 'अंग दुखतं' एवढेच सांगते, हाही अनुभव आहे.

गैरहजर वृद्ध

1974 मध्ये वेदनेच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय संघटना औपचारिकपणे स्थापन झाली आणि या विषयास स्वतंत्र विद्याशाखेचे रूप आले. तिच्या पहिल्या दीड दशकात वृद्ध जवळजवळ अदृश्यच राहिले. 1991 मध्ये मेल्डिंग यांनी लक्षात आणून दिले की वेदनेवर दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या हजारो निबंधांपैकी एक टक्क्याहूनही कमी निबंध वृद्धांविषयी असतात. 1993 मध्ये रोशॉन व सहकाऱ्यांनी संधिवाताच्या औषधांच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा सुमारे दहा हजार सहभागींमध्ये 65 वर्षांवरील व्यक्ती जेमतेम 2 टक्के आढळल्या. ज्या वयात सांधे सर्वाधिक दुखतात, त्याच वयाला चाचणीतून वगळले जात होते. अन्य आजार आणि एकाच वेळी चालू असलेली अनेक औषधे निष्कर्षांत गोंधळ करतील, हे त्यामागील कारण शास्त्रीयदृष्ट्या समजण्याजोगे आहे. परंतु औषध बाजारात आल्यावर ते घेणार होते तेच लोक.

दरम्यान अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहांकडे संशोधकांचे लक्ष गेले. 1990 मध्ये फेरेल व सहकाऱ्यांनी 97 निवासींची विचारपूस केली. त्यांपैकी 71 टक्क्यांना वेदनेची किमान एक तक्रार होती. 1998 मध्ये बर्नाबेई व सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहांतील तेरा हजारांहून अधिक वृद्ध कर्करुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. रोज वेदना असणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना कोणतेही वेदनाशामक मिळत नव्हते. 2000 मध्ये मॉरिसन आणि सिऊ यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांची तुलना केली. अस्थिभंग तोच, परंतु प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांना इतरांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच मॉर्फीन दिले गेले होते. प्रस्तुत विषयाच्या साऱ्या इतिहासात इतके अस्वस्थ करणारे दुसरे निरीक्षण क्वचितच सापडेल. मागता आले नाही म्हणून मिळाले नाही.

बोलीपलीकडील वेदना

यानंतरचा प्रवाह दोन अंगांनी वाढला. एक म्हणजे विचारण्याची पद्धत सुधारणे. 1995 मध्येच फेरेल व सहकाऱ्यांनी दाखविले होते की बौद्धिक क्षमता क्षीण झालेल्या आणि वेदना सांगणाऱ्या निवासींपैकी 83 टक्के व्यक्ती दिलेल्या मापनपट्ट्यांपैकी किमान एक तरी पूर्ण करू शकतात. दुसरे म्हणजे निरीक्षण. 2003 मध्ये वॉर्डन, हर्ली आणि व्होलिसर यांनी प्रगत स्मृतिभ्रंशासाठी मांडलेली मापनपट्टी श्वास, आवाज, चेहरा, देहबोली आणि समजुतीने शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देते. 2006 मध्ये मेलबर्न येथील कोल व सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखविले की अल्झायमरच्या रुग्णांत वेदनेशी निगडित मेंदूची क्रिया मंदावलेली नसते. 2011 मध्ये हुसेबो व सहकाऱ्यांनी नॉर्वेतील 352 स्मृतिभ्रंशग्रस्त निवासींवर आठ आठवडे टप्प्याटप्प्याने वेदनोपचार करून पाहिले. बहुतेकांना पॅरासिटामॉलच दिले गेले आणि त्यांची आक्रमक अस्वस्थता लक्षणीयरीत्या घटली. जिला 'वेडसरपणा' समजून झोपेची औषधे दिली जात, तिच्या मुळाशी अनेकदा दुखरा सांधा असावा.

व्याख्येतही हे उतरले. आंतरराष्ट्रीय संघटनेची 1979 ची व्याख्या वेदनेच्या वर्णनावर भर देणारी होती. 2020 च्या सुधारित व्याख्येच्या टिपणांत, शब्दांत सांगणे हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी केवळ एक आहे, असे स्पष्ट म्हटले आहे.

आपल्याकडील नोंदी

महाराष्ट्रात या संदर्भात भिगवणचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पुणे जिल्ह्यातील या गावी 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा प्रकल्पात सांधे-स्नायूंच्या दुखण्याची घरोघर पाहणी केली. 4092 प्रौढांपैकी 746 जणांनी असे दुखणे असल्याचे सांगितले. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता त्याच्या उंबऱ्यावर जाऊन विचारणे, हे या पाहणीचे खरे मोल. पाहणी प्रौढांची होती, केवळ वृद्धांची नव्हे. तथापि गुडघे आणि कंबर यांचे ग्रामीण दुखणे प्रथमच आकड्यांत आले.

मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षे व त्यावरील 72 हजारांहून अधिक व्यक्तींची देशव्यापी पाहणी केली. तीत वेदनेचा वारंवार त्रास होतो का, हा प्रश्न समाविष्ट आहे. त्याचे उत्तर 'होय' वा 'नाही' असे मिळते, आणि ते बोलूनच द्यावे लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूला रोज अंघोळ घालणारी सून मात्र, कोणता हात उचलताना म्हातारीचा चेहरा आक्रसतो, हे नेमके सांगू शकते. 2003 च्या मापनपट्टीतील पाचांपैकी किमान तीन बाबी तिला प्रशिक्षणाशिवाय ठाऊक असतात. तिला हे विचारणारी प्रश्नावली पुढील पाहणीत घालणे फारसे खर्चिक नाही.