विद्या आणि वेतन

निफाड तालुक्यात गोदेच्या काठी सायखेडा म्हणून गाव आहे. पैलतीरी चांदोरी, प्रवाहाच्या अंगाने खाली गेले की नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा लागतो. कांदा व द्राक्षे पिकविणाऱ्या या टापूतील मुले आता संगणक-अभियांत्रिकी शिकावयास नाशिकास जातात, आणि शेवटच्या सत्रात एखाद्या कंपनीत उमेदवारी करण्यासाठी पुणे गाठतात. शिकता शिकता काम करण्याची ही रीत अगदी कालपरवाची, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तिचे मूळ बरेच मागे दिसते.

पुण्यास 1854 साली जी संस्था निघाली, तिचे नावच मुळी 'इंजिनियरिंग क्लास व मेकॅनिकल स्कूल' असे जोडनाव होते. रस्ते, पूल व कालवे यांच्या कामावर सरकारास हाताखालची माणसे हवी होती. ती तयार करणे हा तिचा उघड हेतू. पुढे ती मुंबई विद्यापीठास जोडली गेली. तेव्हापासून परीक्षेचे माहात्म्य वाढले आणि हत्याराचे घटले, असे आमचे मत आहे. याच कॉलेजातून 1883 साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले विश्वेश्वरय्या बांधकाम खात्यात शिरले, व 1884 साली त्यांची पहिली नेमणूक झाली ती नाशिकास. लौकरच खानदेशात भर पावसाळ्यात नळाने पाणी पलीकडे नेण्याचे बिकट काम त्यांच्या अंगावर पडले. ते त्यांनी तडीस नेले. पुस्तकात न सापडणारी ही विद्या त्यांस मिळाली ती पदवीनंतर. आणि, हे विसरू नये, पगार घेत असता मिळाली.

पदवीच्या आतच हा योग जुळवून आणला तो अमेरिकेत सिनसिनाटी येथील हर्मन श्नायडर या अध्यापकाने, 1906 साली. त्याची युक्ती साधी होती. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावावयाच्या. एक आठवडाभर वर्गात, तर दुसरा कारखान्यात, आणि पुढल्या आठवड्यात अदलाबदल. कारखानदाराचे यंत्र रिकामे राहत नसे, म्हणून तो मजुरी देई. त्या मजुरीवर गरिबाचा मुलगा शिके. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने 1957 साली आपला आरंभच या पायावर केला, व पुढे संगणकाच्या विद्येत त्याचे नाव गाजले.

आपल्याकडे 1961 साली उमेदवारीचा कायदा झाला, 1973 साली पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले, आणि त्यांच्या विद्यावेतनातील निम्मा वाटा केंद्र सरकारने उचलला. व्यवस्था चांगली होती. परंतु ती शिक्षण संपल्यावरची. शिक्षण चालू असता करावयाची उमेदवारी आली तेव्हा श्नायडरच्या युक्तीतील आठवडे आपण घेतले, महिने केले, आणि मजुरी मात्र कंपनीच्या मर्जीवर सोडली. कोणी उदारपणे देतात. कोणी केवळ प्रमाणपत्र देतात.

शहरातील मुलास याची झळ फारशी लागत नाही, तो घरी जेवून कामावर जातो. सायखेड्याच्या मुलाची खोली, खाणावळ व बसभाडे यांचा हिशेब जानेवारीत सुरू होतो, म्हणजे लाल कांदा बाजारात असतो तेव्हा. त्या महिन्यात बापाच्या हाती पट्टी बरी आली तर मुलगा पुण्यास निघतो. भाव पडला असेल तर नाशिकातच घराजवळची, संगणकाशी नावापुरता संबंध असलेली जागा पाहतो, आणि वहीवर शिक्का मिळवून परीक्षेस बसतो.