कुणी कुठून पाहिलं

पालघरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दांडीची जुनी माणसं १९४२ ला नुसतं ‘ते साल’ म्हणत. तारीख १४ ऑगस्ट. श्रावण नुकताच लागला होता, नारळी पौर्णिमा व्हायची होती, होड्या अजून किनाऱ्यावरच होत्या. समुद्र बंद होता म्हणूनच किनाऱ्यावरच्या गावांतून एवढी माणसं पालघरला चालत गेली, असं आजोबा सांगत. गोवालिया टँकवर ‘चले जाव’ची हाक उठून सहा दिवस झाले होते आणि मोठे पुढारी तुरुंगात होते.

मोर्चा कचेरीवर गेला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले: सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामप्रसाद तिवारी, मुरब्याचे रामचंद्र चुरी आणि सालवडचे सुकुर मोरे. पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी दर १४ ऑगस्टला त्यांना मानवंदना दिली जाते. नांदगाव, मुरबे म्हणजे आमच्याच पट्ट्यातली गावं. ही नावं आमच्या घरात परकी नव्हती.

आजोबा मोर्चात मागच्या बाजूला होते. जाळी सांधताना विषय निघाला की ते वाळूत शिंपल्या मांडत. ही कचेरी, हे पोलीस, ही आपली माणसं आणि ही त्यांची स्वतःची शिंपली, बरीच मागे. शेजारचे काका लगेच हात घालून पोलिसांच्या शिंपल्या हलवत. ‘बाबा, तुम्ही मागं होता. पोलीस इथं नव्हते, पुढं होते.’ आधी लाठ्या की थेट गोळ्या, यावर दोघांचा वाद कधीच मिटला नाही. पुढच्यांच्या हातात झेंडा होता, हत्यार नव्हतं, हे मात्र दोघंही एका सुरात सांगत. आजोबांना जे सलत होतं ते आणखी वेगळं होतं. ‘बंदूक धरणारे गोरे नव्हते रे, आपलेच शिपाई होते.’

मला तो वाद फार मोलाचा वाटतो. खरा साक्षीदार आपण कुठे उभे होतो ते आधी सांगतो आणि तिथून दिसलं तेवढंच सांगतो. खाकीच्या वागण्याची नोंद बहुतेक वेळा खाकीच करते. दुसरी बाजू माणसांच्या डोळ्यांत असते आणि ती कुणी विचारली तरच बाहेर येते.

१९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत जमाव शिखांना जाळत होता, तेव्हा पोलीस काय करत होते हे देशाला कळलं ते विधवांच्या आणि शेजाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांतून. पोलीस बघत उभे राहिले, काही ठिकाणी शिखांचीच हत्यारं काढून घेतली, हे त्यांनी आयोगांपुढे पुन्हा पुन्हा सांगितलं. पुढे कपूर-मित्तल समितीवरच्या कुसुमलता मित्तल यांनी ७२ पोलीस अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींबद्दल न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अहवालातही ३१ पोलिसांवर बोट आहे, तेही साक्षींच्याच बळावर. शिक्षा फार थोड्यांना झाली. ही आपल्या व्यवस्थेची लाज आहे आणि ती स्पष्ट म्हटली पाहिजे.

पोलिसांसमोर माणसं मारली जाणं आमच्या पालघर जिल्ह्याच्या वाट्यालाही आलं. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीची रात्र, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. मुलं पळवणारे, चोर आल्याच्या अफवा आधीपासून फिरत होत्या. कांदिवलीहून अंत्यविधीसाठी सुरतेला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठेचून मारलं. पोलीस तिथे होते. थोडे होते, जमाव अफाट होता, हे खरं. पण चित्रफितीत सत्तर वर्षांचा एक म्हातारा साधू पोलिसाचा हात धरून वनखात्याच्या चौकीतून बाहेर येतो आणि तो हात त्याला पुरत नाही. मी ते एकदाच पाहू शकलो. पुढे तीन पोलीस बडतर्फ झाले. ती चित्रफीत नसती तर कागदावर काय उरलं असतं?

१९४२ साली मोबाइल नव्हता. तेव्हाची चित्रफीत म्हणजे आजोबांच्या शिंपल्या, आणि त्या वाळूतच राहिल्या. आजोबा आणि शेजारचे काका, दोघंही आता नाहीत. त्यांनी सांगितलेलं मी वहीत उतरवलं आहे, कोण कुठे उभा होता हे लिहून, आणि दोघांचा वादही न मिटवता तसाच ठेवून.

सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड, पालघर इथल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात ‘त्या साला’ची गोष्ट ऐकलेलं कुणी असेल तर याच आठवड्यात त्यांच्यापाशी बसा. कुणाकडून ऐकलं आणि सांगणारा कुठे उभा होता, एवढं आधी विचारा. मग बाकीचं लिहून घ्या.