झावळ्यांचा रविवार

ईस्टरच्या आधीचा रविवार. ईस्टर चांद्र गणनेने ठरतो, म्हणून हाही दिवस १५ मार्च ते १८ एप्रिल यांच्या दरम्यान मागेपुढे सरकतो. ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा येथून सुरू होतो. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला, तेव्हा लोकांनी फांद्या घेऊन त्याचे स्वागत केले, त्याची ही आठवण. प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. झावळ्यांचे नाव मात्र एकटा योहान घेतो. गाढवालाही अर्थ आहे. नम्र राजा गाढवावरून येईल, असे जखऱ्या संदेष्ट्याने आधीच म्हटले होते. घोडा लढाईचा, गाढव शांततेचे.

झावळीचे मूळ यहुद्यांच्या मंडपांच्या सणात सापडते. सुगी झाली की सात दिवस फांद्यांच्या मांडवात राहायचे. चाकूर-लातूरकडच्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. येळवशीला शेतात कडब्याची कोप उभी राहते आणि सगळे घर आंबील-भज्जी घेऊन तिथे जाते. या दोन सणांचे नाते नाही, पण मांडवात बसण्याचे सुख एकच. मंडपांच्या सणात यहुदी माणूस हातात खजुराची कोवळी झावळी, मर्टल आणि वाळुंज यांची जुडी धरतो, सोबत म्हाळुंगाच्या जातीचे फळ. म्हाळुंग कोल्हापूरच्या अंबाबाईच्याही हाती असते. येशूच्या स्वागताला लोकांनी दिलेली ‘होसान्ना’ ही आरोळीही मंडपांच्या सणातलीच. तिचा मूळ अर्थ ‘आता वाचव’. पुढे तिचा जयजयकार झाला. इ. स. पू. १४१ मध्ये विजयी यहुदी पुढारी शिमोन मक्काबी यरुशलेमेच्या गढीत शिरला तोही झावळ्या नाचवत. येशूभोवतीच्या गर्दीला हे सगळे ठाऊक होते, म्हणून रोमी सत्तेखालच्या शहरात हातातली झावळी निव्वळ शोभेची राहत नाही.

या रविवारच्या मिरवणुकीचे सर्वांत जुने वर्णन इजेरिया या यात्रेकरू बाईचे आहे, इ. स. ३८१–३८४ च्या सुमाराचे. जैतुनाच्या डोंगरावरून लोक संध्याकाळी पायी उतरत. चालता न येणारी लेकरेही आईबापांच्या खांद्यावर, हातात झावळी वा जैतुनाची फांदी.

वसईच्या किनारपट्टीवर खजुराची जागा माडाने घेतली. माडाच्या पातीतला हीर काढून टाकतात, मऊ पात दुमडून छोटा क्रूस करतात आणि आशीर्वादित झालेला तो क्रूस घरच्या वेदीवर वर्षभर राहतो. वनस्पतिशास्त्राने पाहिले, तर मराठवाड्यात ओढ्याकाठी वाढणारी शिंदी मूळ झाडाला अधिक जवळची. ती आणि खजूर एकाच प्रजातीतली, माड दूरचा.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरच्या ४६ दिवस आधी, याच वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कॅथलिक धर्मगुरू कपाळावर लावतात. राखेलाही जुना वारसा आहे: निनवेचा राजा गोणपाट नेसून राखेत बसला, ही बायबलमधली योनाची कथा. शैवाच्या भस्माशी तिचे रूप जुळते, भाव वेगळा. ही राख आधी पश्चात्तापाची, शोकाची. इ. स. १०९१ च्या बेनेव्हेंतो परिषदेने ती सर्वांना लावण्यास सांगितले. राख करायची म्हणून आदल्या वर्षीचे क्रूस लोक चर्चमध्ये परत आणून देतात. तोवर हिरवी पात कडक, पिवळसर झालेली असते आणि हाताळताना तिची टोके तुटून पडतात.