'टोइक' परीक्षा काय असते? ऑफिसच्या इंग्रजीचं व्याकरण आणि शब्दसंग्रह पक्का कसा करतात?

जपानी कंपनीत नोकरीचा अर्ज भरताना अनेकदा एक रकाना दिसतो : 'टोइक स्कोअर'. दक्षिण कोरियातही नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या अर्जावर हा आकडा हमखास असतो. आयटी किंवा वाहन उद्योगातल्या कामानिमित्त जपानला जाणाऱ्या मराठी तरुणांनाही तिथे पोहोचल्यावर हे नाव वारंवार कानावर पडतं.

शाळा-कॉलेज इंग्रजी माध्यमात झालं असलं, तरी या परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळणारे बरेच जण असतात. कारण ही परीक्षा निबंध किंवा कवितेचं रसग्रहण विचारत नाही. ती विचारते ते ऑफिसमधलं रोजचं इंग्रजी, आणि तेही घड्याळ लावून.

टोइक म्हणजे नेमकं काय?

'टेस्ट ऑफ इंग्लिश फॉर इंटरनॅशनल कम्युनिकेशन' या नावाचं हे लघुरूप. ही परीक्षा अमेरिकेतल्या 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' म्हणजेच 'ईटीएस' या संस्थेने तयार केली. 'टोफेल' आणि 'जीआरई' या परीक्षाही याच संस्थेच्या. टोइकची मागणी मात्र जपानमधून आली होती आणि १९७९ मध्ये पहिली परीक्षाही तिथेच झाली. परदेशी ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं इंग्रजी मोजायला एक सामायिक फूटपट्टी हवी, हा त्यामागचा हेतू होता.

जपानच्या 'राकुटेन' कंपनीने २०१० मध्ये इंग्रजी ही कंपनीची अधिकृत भाषा करण्याची घोषणा केली आणि २०१२ पासून ती अमलात आणली. कर्मचाऱ्यांची तयारी मोजण्यासाठी टोइकचे गुण वापरले गेले. म्हणजे या आकड्यावर बढतीसुद्धा अवलंबून राहू शकते.

परीक्षेचा आराखडा कसा असतो?

सर्वाधिक दिली जाते ती 'लिसनिंग अँड रीडिंग' परीक्षा. तिच्यात एकूण २०० प्रश्न आणि सुमारे २ तास असतात.

- लिसनिंग : १०० प्रश्न, सुमारे ४५ मिनिटं. अमेरिकी, ब्रिटिश, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन उच्चार ऐकायला मिळतात.
- रीडिंग : १०० प्रश्न, ७५ मिनिटं. भाग ५ मध्ये गाळलेल्या जागेची ३० वाक्यं, भाग ६ मध्ये अपूर्ण पत्रं-ईमेलवरचे १६ प्रश्न आणि भाग ७ मध्ये उताऱ्यांवरचे ५४ प्रश्न.

प्रत्येक विभागाला ५ ते ४९५ गुण, म्हणजे एकूण १० ते ९९०. यात पास-नापास नसतं आणि चुकीच्या उत्तराला गुणही कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. युरोपीय भाषा-चौकटीतल्या 'बी-टू' पातळीसाठी लिसनिंगमध्ये ४०० आणि रीडिंगमध्ये ३८५ गुण लागतात. या पातळीचा माणूस कामाच्या ठिकाणी बऱ्यापैकी स्वतंत्रपणे इंग्रजी वापरू शकतो, असं मानलं जातं. निकाल २ वर्षं ग्राह्य धरला जातो.

खरी अडचण वेळेची

भाग ७ मधल्या ५४ प्रश्नांना प्रत्येकी १ मिनिट धरलं, तर ५४ मिनिटं जातात. उरलेल्या २१ मिनिटांत भाग ५ आणि ६ चे ४६ प्रश्न सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम २७ सेकंद. एवढ्या वेळात व्याकरणाचा नियम आठवून, तो लावून, पर्याय तपासत बसणं शक्य नसतं. नियम हातात मुरलेला असावा लागतो. व्याकरणावर अडखळणारा उमेदवार शेवटच्या उताऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही आणि येणाऱ्या प्रश्नांचे गुणही गमावतो.

व्याकरण : अर्थाआधी जागा पाहा

भाग ५ मधले बरेच प्रश्न एकाच शब्दाच्या कुळावर असतात. उदाहरणार्थ :

'द कमिटी विल अनाउन्स इट्स ____ ऑन मंडे.'
पर्याय : डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, डिसायसिव्हली.

इथे पूर्ण वाक्याचा अर्थ लावण्याची गरज नाही. 'इट्स' म्हणजे 'तिचा', त्यानंतर नाम हवं. रिकाम्या जागेपुढे 'ऑन मंडे' आहे, दुसरं नाम नाही. म्हणून 'डिसिजन'.

'द मॅनेजर रिव्ह्यूड द बजेट ____.'
पर्याय : केअर, केअरफुल, केअरफुली, केअरफुलनेस.

वाक्य आधीच पूर्ण झालं आहे. बजेट कसं तपासलं, एवढंच सांगायचं आहे. म्हणून क्रियाविशेषण 'केअरफुली'.

उपयोगी पडणाऱ्या तीन खुणा अशा :

- 'द' किंवा 'अ' आणि नाम यांच्या मधली जागा बहुतेकदा विशेषणाची.
- 'द' आणि 'ऑफ' यांच्या मधली जागा नामाची.
- 'हॅज' आणि मुख्य क्रियापद यांच्या मधली जागा बहुतेकदा क्रियाविशेषणाची, जसं 'हॅज रिसेंटली ओपन्ड'.

मराठी माणूस कुठे अडतो?

काही चुका आळसामुळे होत नाहीत, त्या मातृभाषेच्या सवयीतून येतात. त्या ओळखल्या की निम्मं काम होतं.

१. 'पर्यंत'चे दोन अर्थ : 'शुक्रवारपर्यंत अहवाल द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे' या दोन्ही वाक्यांत मराठीत 'पर्यंत'च येतं. इंग्रजीत मात्र मुदत असेल तर 'बाय फ्रायडे' आणि एखादी स्थिती तोवर चालू राहणार असेल तर 'अनटिल फ्रायडे'.

२. 'मुळे' आणि 'असूनही' : मराठीत 'पावसामुळे' आणि 'पाऊस पडल्यामुळे' या दोन्हींना 'मुळे' चालतं. इंग्रजीत पुढे फक्त नाम असेल तर 'बिकॉज ऑफ' किंवा 'ड्यू टू', आणि कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य असेल तर 'बिकॉज'. तसंच नामाआधी 'डिस्पाइट' आणि वाक्याआधी 'ऑल्दो'. 'मीटिंग चालू असताना' यासाठी नामाआधी 'ड्युरिंग' आणि वाक्याआधी 'व्हाइल'. या तिन्ही जोड्या परीक्षकांच्या आवडीच्या आहेत.

३. 'पाच वर्षं काम करतोय' : मराठीतलं हे वर्तमानकाळातलं वाक्य जसंच्या तसं नेलं की 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' तयार होतं. बरोबर वाक्य : 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'.

४. 'विषयी चर्चा' : आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' तोंडात बसतं. इंग्रजीत 'डिस्कस'नंतर थेट विषय येतो : 'डिस्कस द बजेट'.

५. 'बोअर' कोण? : कंटाळलेला माणूस 'आय अ‍ॅम बोरिंग' म्हणाला, तर अर्थ होतो 'मी कंटाळवाणा आहे'. भावना ज्याला होते त्याच्यासाठी 'बोअर्ड', 'इंटरेस्टेड'. ती ज्याच्यामुळे होते त्याच्यासाठी 'बोरिंग', 'इंटरेस्टिंग'.

६. 'अ' आणि 'द' : मराठीत उपपदं नाहीत. 'मॅनेजरला विचारा' म्हटलं की कोणता मॅनेजर ते संदर्भावरून कळतं. इंग्रजीत ते सांगावं लागतं : कोणताही एक असेल तर 'अ मॅनेजर', दोघांनाही ठाऊक असलेला असेल तर 'द मॅनेजर'.

शब्दसंग्रह : सुटे शब्द नकोत, जोड्या हव्यात

मराठीत फोटो 'काढतात', हाक 'मारतात', शपथ 'घेतात'. फोटो 'करतात' असं कुणी म्हणत नाही आणि त्याला नियमही नाही. जोडी ठरलेली आहे. इंग्रजीतही तसंच आहे : ऑर्डर 'प्लेस' करतात, सर्व्हे 'कंडक्ट' करतात, डेडलाइन 'मीट' करतात. म्हणून वहीत 'डेडलाइन : अंतिम मुदत' एवढंच लिहिण्याऐवजी 'मीट द डेडलाइन : मुदतीत काम पूर्ण करणे' असं लिहिलेलं जास्त कामी येतं.

शब्द विषयवार घेतले तर लवकर बसतात. भरती, प्रवास, खरेदी, मालवाहतूक, हिशेब, दुरुस्ती, बैठका हे नेहमीचे विषय. 'आयटिनररी' म्हणजे प्रवासाचा तपशीलवार कार्यक्रम. 'रीइम्बर्समेंट' म्हणजे पदरचा खर्च कंपनीकडून परत मिळणं. 'शिपमेंट' म्हणजे रवाना केलेला माल, तो जहाजानेच गेला पाहिजे असं नाही.

ओळखीच्या शब्दांचे ऑफिसातले अर्थही वेगळे असतात :

- आउटस्टँडिंग : कामगिरीबद्दल असेल तर उत्कृष्ट, पण 'आउटस्टँडिंग इनव्हॉइस' म्हणजे न भरलेलं बिल.
- मिनिट्स : वेळ नव्हे, तर बैठकीचं इतिवृत्त.
- ओपनिंग : उद्घाटन किंवा रिकामी जागा.
- अ‍ॅड्रेस : पत्ता, किंवा एखाद्या प्रश्नात लक्ष घालणं.

आणखी एक सापळा खास भारतीय आहे. आपल्याकडे ईमेलला उत्तर देणं म्हणजे 'रिव्हर्ट' करणं. बाहेर मात्र 'रिव्हर्ट'चा नेहमीचा अर्थ पूर्वीच्या स्थितीत परत जाणं हा आहे. 'पास आउट' म्हणजे आपल्याकडे पदवी मिळवणं, इतरत्र बेशुद्ध पडणं. 'प्रीपोन' भारताबाहेर फारसा कुणी वापरत नाही. ही भारतीय इंग्रजी वाईट आहे असं नाही, पण परीक्षेत तिचा अर्थ धरून उत्तर दिलं तर ते चुकतं.

सराव कसा करावा?

- आधी एक पूर्ण सराव परीक्षा, वेळ लावून. कुठे अडतं ते कळल्याशिवाय पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करण्यात वेळ जातो.
- चुकांची वही. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावं : शब्द माहीत नव्हता, शब्दाचं रूप चुकलं, शब्दयोगी चुकला की घाई झाली. दोन आठवड्यांत कोणतं कारण सतत येतं ते दिसतं. पुढचा अभ्यास त्यावरच करावा.
- रोज १० मिनिटांत भाग ५ चे ३० प्रश्न. सुरुवातीला २० होतील. वेग हळूहळू येतो.
- बरोबर आलेल्या उत्तरांचीही तपासणी. बाकीचे तीन पर्याय का चूक, हे सांगता आलं नाही, तर ते उत्तर नशिबाने आलं असं समजावं.
- खरं वाचन. नोकरीच्या जाहिराती, विमान कंपन्यांच्या सूचना, परतावा-नियम, वॉरंटी कार्ड. भाग ७ मधले उतारे अशाच धाटणीचे असतात आणि हे साहित्य फुकट मिळतं.

पैसे भरण्याआधी हे तपासावं

परीक्षा चांगली असली तरी ती सगळीकडे चालत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने काही केंद्रांवरचा गैरप्रकार उघड केला. तिथे दुसऱ्याच्या नावाने परीक्षा दिली जात होती आणि उत्तरं वाचून दाखवली जात होती. त्यानंतर ब्रिटनने व्हिसासाठी टोइक स्वीकारणं बंद केलं. हजारो परदेशी विद्यार्थ्यांवर संशय आला, त्यांत भारतीयही होते. अनेकांनी आपण निर्दोष असल्याचं सांगत वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला. काहींवर चुकीचा ठपका आला असण्याची शक्यता ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानेही २०१९ च्या अहवालात नोंदवली.

म्हणून कोणत्या देशासाठी, कोणत्या कामासाठी कोणती परीक्षा लागते, हे क्लासच्या जाहिरातीवरून न ठरवता कंपनीच्या किंवा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून पाहावं. परदेशात जाणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांसाठी अनेक देशांत 'ओईटी' किंवा 'आयईएलटीएस' चालते. जपान-कोरियातल्या कंपन्यांमध्ये टोइकचं वजन जास्त. 'गुणांची हमी' देणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं, कारण गैरप्रकार निघाला तर निकाल रद्द होतो तो उमेदवाराचा, क्लासचा नाही.